पात्याची ओळख

माझ्या वडिलांच्या शाळेच्या दप्तरात चाकू असायचा. पाटी, दौत, बोरू आणि चाकू. तो चोरून नेलेला नव्हता, शाळेला लागायचाच. १९४०च्या दशकात आमच्या कोल्हापूरकडच्या त्यांच्या शाळेत सुलेखन बोरूनं चालायचं आणि बोरू काही टोक काढलेला मिळत नसे. वाळलेल्या कांडीला आधी तिरका छेद द्यायचा, मग दोन्ही अंगांनी तासत तासत टोक निमुळतं करायचं, शाई उतरावी म्हणून मधोमध केसाएवढी चीर पाडायची आणि शेवटी टोक फळकुटावर टेकवून एकच तिरका घाव घालायचा. तो शेवटचा घाव चुकला की अक्षर बिघडलंच म्हणून समजा. लिहून लिहून टोक मऊ पडायचं, की पुन्हा चाकू. लहान वर्गातल्या पोरांना मास्तर स्वतः बोरू तासून द्यायचे. चौथीतल्या मुलाला मात्र ते आपल्या टेबलापाशी उभं करायचे, चाकू त्याच्या हातात द्यायचे आणि तो तासत असेपर्यंत बघत राहायचे. पातं अंगठ्याच्या दिशेनं वळलं की एका शब्दानं थांबवायचे.

लहान मुलांच्या हाती चाकू द्यावा की नाही, यावर मला जे म्हणायचं आहे ते त्या मास्तरांच्या बघण्याबद्दल आहे. आपल्याकडे हा प्रश्न निघाला की दोन तट पडतात. एक म्हणतो, आमच्या वेळी आम्ही दिवसभर रानात चाकू घेऊन हिंडायचो, काय झालं? दुसरा म्हणतो, आताचे दिवस बघता मुलाच्या हातात कात्रीसुद्धा देऊ नये. दोघंही वस्तूबद्दलच बोलतात. त्या वस्तूच्या शेजारी कोण बसलं होतं, हे कुणीच विचारत नाही.

आमच्या वेळेपर्यंत बोरू मागे पडला होता. कंपासपेटीत चाकूच्या जागी दाढीचं ब्लेड आलं. वडिलांनी वापरून टाकलेलं ब्लेड त्याच्याच कागदात धरून उभं मोडायचं, की दोन मुलांची सोय व्हायची. मोडलेली कड बोटांत आणि धार पेन्सिलीकडे. वर्गात सगळ्यांकडे असं अर्धं ब्लेड असे आणि त्याची कुणाला भीती वाटल्याचं मला आठवत नाही. पण खरा चाकू ही वेगळी गोष्ट होती. तो माझ्या थोरल्या भावाला, दादाला, मिळाला. चैत्रात जोतिबाच्या यात्रेला गेलो असताना डोंगरावरच्या पालांत खेळण्यांच्या शेजारीच सुऱ्या, अडकित्ते, चाकू मांडलेले असत. त्यातला एक घडीचा चाकू वडिलांनी दादाला घेऊन दिला. दादा तेव्हा पाचवीत होता. गुलालानं माखलेल्या गर्दीतून तो खिशावर हात दाबून डोंगर उतरला.

घरी आल्यावर वडिलांनी कायदे सांगितले. उघडा चाकू घेऊन चालायचं नाही. कुणाला द्यायचा तर मूठ पुढे करून. धार लावायची ती परड्यातल्या दगडावर आणि माझ्यासमोर. भांडणात चाकूकडे नुसतं बोट जरी गेलं, तरी तो विहिरीत जाईल. मग त्या उन्हाळ्यात दादानं जे काही केलं ते मी शेजारी बसून पाहिलं आहे. बाभळीच्या ओल्या फांदीतून वीतभर तुकडा काढून तो विटी तासायचा. विटी सोपी वाटते, पण तिची दोन्ही टोकं सारखी उतरती यावी लागतात. एक बाजू जड राहिली तर दांडूचा टोला बसल्यावर ती सरळ उडत नाही, भलतीकडेच भिरभिरते. त्यामुळे एकदा या टोकाचा टवका, एकदा त्या टोकाचा. मधेच ती बोटावर आडवी तोलून बघायची, पुन्हा एक टवका काढायचा. लाकडाच्या रेषा जिकडे जातात तिकडेच पातं चालवायचं, उलट चालवलं की ते अडकतं आणि मग जोर लावला की निसटतं, हे त्याला कुणी फळ्यावर लिहून शिकवलं नाही. सोप्यात पान लावत बसलेले आमचे चुलते, समोरचा सुतार, म्हशी पाण्यावर नेणारी म्हातारी माणसं, जाता-येता कुणी ना कुणी थांबून सांगून जायचं, "लेकरा, पातं अंगाबाहेर चालव."

मला चाकू मिळाला नाही. मला विळी मिळाली.

मी तेव्हा दादाहूनही लहान होते, आणि ती मला कुणी यात्रेतून आणून दिली नाही. एके दिवशी आईला ताप होता आणि आज्जी म्हणाली, "बस, गवारी मोड, मग वांगी चीर." इतकंच. चाकू आणि विळी यांत मूळचा फरक असा की चाकूत पातं हलतं आणि विळीत भाजी हलते. पाटावर उजवा पाय दाबून बसायचं, पातं आपल्या समोर उभं, आणि दोन्ही हातांनी वांगं धरून ते धारेवर पुढे सरकवायचं. बोटं पात्याच्या दोन बाजूंना ठेवायची, एका ओळीत कधीही नाही. वांग्याच्या देठाशी धार अडते, तिथं ढकलायचं नाही, वांगं फिरवून घ्यायचं. नारळ खवायचा असेल तर विळीच्या टोकाच्या दात्यावर करवंटी फिरवताना मनगट ढिलं हवं. हे सगळं मी आठव्या वर्षी शिकले, आमच्या गल्लीतल्या बहुतेक मुली त्याच वयात शिकल्या, आणि कोकणात माझ्या मावसबहिणी त्यांच्या आडाळ्यावर शिकल्या. आज मोठी माणसं जुन्या दिवसांतल्या धाडसी बालपणाच्या आठवणी काढतात तेव्हा त्यात चाकूवाली मुलं असतात, विळीवाल्या मुली नसतात. मुलाचा चाकू ही त्याची मालमत्ता, त्याची हौस, त्याच्या मोठं होण्याची खूण. मुलीची विळी हे काम. पातं मात्र विळीचंच मोठं होतं आणि बसायचं ते रोज, दोन्ही वेळा. धार हाताळायला शिकवणारी सर्वांत मोठी शाळा या महाराष्ट्रात स्वयंपाकघराच्या जमिनीवर भरत होती आणि तिच्या विद्यार्थिनींना कुणी शूर म्हटलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

त्या शाळेचेही नियम होते. काम झालं की विळी आडवी करून ठेव, उभी ठेवलीस तर घरात भांडणं होतील. कात्री रिकामी वाजवू नको, त्यानंही भांडणं होतात. तिन्हीसांजेला धारेशी खेळू नको. आज्जीच्या तोंडी हे शकुन-अपशकुन म्हणून यायचे. अंधाऱ्या स्वयंपाकघरात, कंदिलाच्या उजेडात, रांगणारं मूल पायांत घोटाळत असताना विळी उभी राहिली तर काय होईल, हे त्या बायकांना चांगलं ठाऊक होतं. सुरक्षेचा एकेक नियम त्यांनी पोरींच्या डोक्यात असा ठोकून बसवला की तो मोडायची छाती कुणाची झाली नाही.

तरी ते दिवस सुरक्षित होते असं मी म्हणणार नाही. जखम झाली की हळद दाबायची, फडकं बांधायचं. धनुर्वात हा शब्द घरात कुजबुजत उच्चारला जायचा. गंजलेल्या खिळ्यानं, विळ्यानं, शेणामातीत पडलेल्या पात्यानं झालेली लहानशी जखमही माणूस घेऊन जाऊ शकत होती. भारतात विस्तारित लसीकरण कार्यक्रम १९७८ साली सुरू झाला आणि त्यातल्या त्रिगुणी लसीत धनुर्वाताची लस होती. आमची पिढी त्या कार्यक्रमाच्या आधीची. म्हणजे ज्या काळात कापलेलं बोट खरोखरच जिवावर बेतू शकत होतं, त्या काळात आईबापांनी मुलांना पात्याशी बसवलं. आज लस आहे, टाके घालणारा दवाखाना कोपऱ्यावर आहे, आणि आज दहा वर्षांच्या मुलाला सफरचंद चिरून द्यावं लागतं. धोका घटला आणि धास्ती वाढली. हे असं का झालं असावं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे.

एक कारण तर उघड आहे. चाकू लागावा अशी कामंच मुलांच्या आयुष्यातून गेली. बोरू गेला, पेन्सिलीला टोकयंत्र आलं, विटी-दांडू गेले, विळीच्या जागी ओट्यावरची सुरी आली आणि ओटा लहान मुलाच्या उंचीला नसतो. पूर्वी दिवाळीच्या आधी आठ दिवस घरोघरी बांबू चिरला जायचा. आता आकाशकंदील घडी घालून पिशवीत येतो आणि दोरी ओढली की उघडतो. काम गेल्यावर पात्याचा एकच अर्थ उरला, आणि तो सिनेमानं आधीच पक्का करून ठेवला होता. १९६५च्या 'वक्त'मध्ये राजकुमार समोरच्या गुंडाला, चाकू ही मुलांनी खेळायची वस्तू नव्हे, असं ज्या रुबाबात सुनावतो, त्या रुबाबाचं वेड आमच्या पिढीनंही पाहिलं आहे. पण आम्ही थिएटरातून घरी आल्यावर आम्हाला विळी आणि विटी भेटायची. आजच्या मुलाला मोबाइलवरचं पातं दिसतं आणि त्यावर उतारा म्हणून दुसरं कुठलंच पातं त्याच्या हातून गेलेलं नसतं.

दुसरं कारण कोयत्याचं आहे. गेल्या काही वर्षांत पुण्यात कोयते नाचवत गाड्या फोडणाऱ्या, दुकानदारांना धमकावणाऱ्या टोळक्यांच्या बातम्या इतक्या आल्या की 'कोयता गँग' हा शब्द वर्तमानपत्रांत रुळला. २०२३च्या सुरुवातीला पुणे पोलिसांनी कोयता विकणाऱ्या दुकानदारांना गिऱ्हाइकाचं आधार कार्ड पाहून नोंद ठेवायला सांगितलं. पकडलेल्यांत अल्पवयीन मुलं बरीच असायची. मी पुण्यात राहते, त्या बातम्या वाचल्या की संध्याकाळी क्लासहून परतणाऱ्या नातवंडांची काळजी मलाही वाटते. पण त्या बातम्यांवरून 'मुलांना धारेपासून लांब ठेवा' एवढाच धडा घेणं मला पटत नाही. भारतीय शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पातं शस्त्रात मोडतं, मात्र घरकामासाठी, शेतीसाठी, उद्योगासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळली आहेत. कायद्यानं ही सूट दिली, कारण ते पातं कशासाठी घडवलं आहे हे तो पाहतो. मुलाला मात्र ते कशासाठी आहे हे कुणीतरी आधी दाखवलेलं असावं लागतं. ज्या मुलानं कधी कोयत्यानं नारळ सोलला नाही, ऊस तोडला नाही, झावळी साळली नाही, त्याच्या हातात तो प्रथम येतो तो दहशतीसाठीच. नारळ सोलणारा मुलगा पुढे गुन्हा करणारच नाही, असा माझा दावा नाही. ज्याला ते कामाचं अवजार म्हणून ठाऊक नाही, त्याला ते दुसरं काही म्हणून ठाऊक होणार, इतकंच मी म्हणते.

आणि याच महाराष्ट्रात अशी मुलं आहेत ज्यांच्यासाठी हा प्रश्न कधी आलाच नाही. दर साल दिवाळीच्या सुमारास बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या आमच्या कोल्हापूर-सांगलीकडे येतात. नवरा-बायकोनं उचल घेतलेली असते, पालाच्या खोपीत संसार असतो आणि मुलं बरोबर असतात. पहाटे फडात आई ऊस तोडते तेव्हा दहा-बारा वर्षांची पोर पाचट बाजूला करते, मोळीला वाढं देते, धाकट्याला सांभाळते आणि अधेमधे कोयताही धरते. त्या पोरीच्या हातातला कोयता पाहून मला कौतुक वाटत नाही. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायला २०१६च्या दुरुस्तीनंतर कायद्यानं सरसकट बंदी आहे, मात्र शाळा सुटल्यावर घरच्या कामाला हात लावायची सूट आहे. फडावर शाळाच सुटलेली असते. तिथं आईबाप शेजारी असतात, पण त्यांना तिच्याकडे बघायला उसंत नसते. म्हणून 'मुलांना लवकर धार हाताळू द्या' असं मी लिहिते तेव्हा ते या मुलीला लागू नाही. तिला कोयता नको, शाळा हवी आहे.

कायदा मुलाच्या समजेचं वय कसं धरतो, हे मला या संदर्भात फार महत्त्वाचं वाटतं. सात वर्षांखालच्या मुलाचं कोणतंही कृत्य गुन्हा ठरत नाही. सात ते बारा या वयात, आपण काय करतो आहोत आणि त्याचा परिणाम काय, हे कळण्याइतकी समज त्या मुलाला आली होती का, ते पाहिलं जातं. १८६०च्या दंड संहितेत हे होतं आणि १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ते तसंच आहे. सात ते बारा. बोरूचा चाकू, दादाचा यात्रेतला चाकू, माझी विळी, सगळं याच वयात आलं. परिणामाची समज ज्या वर्षांत घडते त्याच वर्षांत आमच्या वडीलधाऱ्यांनी परिणाम असलेली वस्तू आमच्या हातात दिली आणि ते जवळ बसले. आज ही वर्षं आपण मऊ कोपऱ्यांच्या वस्तूंत घालवतो. मग सोळाव्या वर्षी एकदम दुचाकीची किल्ली देतो.

ही किल्ली मला चाकूहून शंभरपट भयानक वाटते. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात कलम १९९अ आलं. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. इतका कडक कायदा करावा लागला, कारण मुलाला साधी सुरी न देणारे आईबाप त्याला गाडी बिनदिक्कत देत होते. हे लिहिताना मे २०२४ मधल्या पुण्यातल्या कल्याणीनगरच्या अपघाताची आठवण टाळता येत नाही. सतरा वर्षांचा मुलगा, भरधाव मोटार आणि त्याच्या गाडीच्या धडकेत गेलेले दोन तरुण जीव. किल्ली देणं म्हणजे जबाबदारी देणं नव्हे. जबाबदारी द्यायची तर देणाऱ्यालाही वेळ द्यावा लागतो, आणि आपल्या घरांत आता पैशापेक्षा वेळच महाग झाला आहे.

आपल्याकडे अशी जबाबदारी देण्याची चांगली उदाहरणं नाहीत असंही नाही. मॉन्टेसोरी पद्धतीच्या बालघरात तीन-चार वर्षांच्या मुलांना काचेचा पेला देतात, कारण पडला तर फुटतो हे कळायचं असेल तर तो फुटणाराच हवा. केळं कापायला लहानशी सुरी देतात, ती खरीच. आयआयटी कानपूरला शिकलेले अरविंद गुप्ता १९७८ साली पुण्याच्या टेल्कोतून रजा घेऊन होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तिथं सायकलच्या व्हॉल्वट्यूबचे तुकडे कापून, त्यांत काड्यापेटीतल्या काड्या खोचून त्यांनी त्रिकोण, चौकोन, घरं, मनोरे बनवायला शिकवलं. तीन काड्या एका सांध्याला आणायच्या तर रबरी तुकड्याला बाभळीचा काटा टोचून भोक पाडायचं. ब्लेड, काटा आणि काडी. महागड्या प्रयोगशाळेतल्या कुठल्याही साहित्याइतकंच विज्ञान त्यातून खेडेगावच्या मुलांनी केलं. पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत गुप्तांनी वर्षानुवर्षं हीच खेळणी हजारो मुलांकडून करून घेतली.

आमच्या घरी गेल्या दिवाळीत भाचीची दहा वर्षांची मुलगी राहायला आली होती. मी आकाशकंदिलासाठी बुरूडाकडून बांबू आणला आणि कामट्या काढायला बसले. कोयत्यानं बांबू मी चिरला. तासायला तिच्या हातात चाकू दिला. ती म्हणाली, "आज्जी, हा खरा आहे?" मी म्हटलं, "खराच. म्हणून तर दोघींनी बसायचं." कामटीची साल बाहेरच्या अंगाला ठेवायची, कारण सगळा ताण ती साल पेलते, आणि आतला भुसभुशीत भाग तासून काढायचा. पातं अंगाबाहेर. पेराशी आल्यावर थांबायचं, तिथं लाकूड आडवं होतं, तिथंच चाकू सटकतो. पहिल्या पेराशी तिनं जोर लावला आणि चाकू सटकून चटईत रुतला. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही. पुढच्या पेराशी ती आपोआप थांबली, कामटी फिरवून दुसऱ्या बाजूनं लागली. तिच्या बोटाला जे लागलं ते चाकूनं नव्हे, बांबूच्या कुशीनं. कूस काढली, हळद लावली, आणि संध्याकाळी षटकोनाचे सांधे सुती दोऱ्यानं बांधताना ती आईला फोनवर सांगत होती की खळ घट्ट हवी, पातळ झाली तर पतंगी कागद सुरकुततो. तिच्या आईनं मला आधी विचारलं होतं, "मावशी, लागलं तर?" तिचा प्रश्न अगदी खरा होता. लागलं तर आपण जवळ असावं, हेच त्याचं उत्तर. आपण जवळ नसू, तर चाकू देऊ नये.

वाचक मंडळींना माझी एवढीच विनंती आहे. घरात सात वर्षांपुढचं मूल असेल, मुलगा असो की मुलगी, तर येत्या सुट्टीत एक दिवस त्याच्यासाठी राखून ठेवा. धार चांगली असलेली लहान सुरी घ्या, बोथट घेऊ नका, बोथट सुरीला जोर लावावा लागतो आणि तीच निसटते. काकडी घ्या, पेरू घ्या, बांबू मिळाला तर उत्तमच. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा, तुमचासुद्धा. मुलाच्या शेजारी बसा आणि ते चिरत असेपर्यंत उठू नका.